मुलाणी सरांचा कान

मुलाणी सरांना फुटबॉल येत होता की नव्हता, यावर आमच्या कॉलेजात अजून दोन तट आहेत आणि मी दोन्हींत आहे. सोमवारी वाटतं, असा कोच लोणावळ्यात पुन्हा होणे नाही. बुधवारपर्यंत शंका येऊ लागते. शनिवारी तर वाटतं, त्या माणसाने आयुष्यात चेंडू डोळ्यांनी पाहिलाच नसेल. रविवारी मी या विषयावर विचार करत नाही, कारण रविवारी आमच्याकडे चिक्की घ्यायला इतक्या गाड्या येतात, की विचारालाही रस्ता मिळत नाही.

मी त्या कॉलेजात मराठी शिकवत असे. फुटबॉलमधलं मला कळतं ते एवढंच, की चेंडू माझ्याकडे येऊ नये. मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. म्हणोत. यातलं निम्मं खरं आहे, आणि उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे.

मी रुजू झालो तो ऑगस्ट महिना. आमच्याकडचं ऑगस्टमधलं धुकं ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना सांगून पटायचं नाही. ते खिडकीतून स्टाफरूममध्ये येतं, रिकामी खुर्ची बघून बसतं आणि तास भरल्याशिवाय उठत नाही. एकदा प्राचार्यांनी त्याला रजेचा अर्ज भरायला सांगितला होता. तर पहिल्याच दिवशी मी वाट चुकून मागच्या मैदानातून आत शिरलो. समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. त्या पांढऱ्यातून आवाज मात्र येत होते. कुणी शीळ घालत होतं, कुणी ‘हय, हय’ करत होतं, एक जण तालात खोकत होता आणि एक जण तर भजनाची चाल गुणगुणत पळत होता. मला वाटलं, मी चुकून दवाखान्याच्या आवारात आलो.

मग एक कोरडा आवाज आला.

“गण्या, मुका झालास का रं? कुटं हाईस?”

“हितं हाय, सर.”

“हितं म्हंजे कुटं? परत्येक मानूस हितंच असतो. शीळ घाल.”

शीळ आली. धप्प असा आवाज आला. धुकं थोडं फाटलं आणि त्यातून एक काळी छत्री निघाली. छत्रीखाली पाच फुटांचा, वाळलेल्या शेंगेसारखा एक माणूस, गुडघ्यापर्यंत गमबूट, गळ्यात शिट्टी आणि डोळे गच्च मिटलेले.

“नवीन मास्तर का?” त्याने डोळे न उघडता विचारलं.

“हो. पण तुम्हाला कसं कळलं?”

“जुनं मास्तर हिकडनं येत न्हाईत. आन् तुमचा डावा बूट चावतोय तुमास्नी.”

बूट खरंच चावत होता. मी तो दुसऱ्या दिवशी बदलला. तो बदलल्याचंही त्यांना कळलं, तेही पाठमोरं असताना.

मुलाणी सर मूळचे कान्ह्याचे. तरुणपणी रेल्वेत होते. घाटातल्या रुळावरून हातोडी घेऊन चालायचं, रुळाला ठोकायचं, ऐकायचं आणि काही ढिलं असेल तर घट्ट करायचं, हे त्यांचं काम. पावसाळ्यात तिथे समोरचा हात दिसत नाही, मग रूळ कुठला दिसायला. तेव्हा सगळा कारभार कानावर. तिथल्याच संघात ते गोलकीपर होते आणि गोलात उभं राहूनही ते ऐकतच असत. गुडघा गेला, नोकरी सुटली आणि ते आमच्याकडे आले. कसे आले, याच्या तीन हकीकती आहेत. पहिली म्हणजे त्यांनी अर्ज केला. दुसरी म्हणजे ते बोलावल्यावरून आले. तिसरी म्हणजे ते चुकलेली शेळी शोधत मैदानात आले, पोरांना चेंडू कसा मारायचा ते सांगत बसले आणि संध्याकाळी कुणीतरी त्यांना फॉर्म भरायला दिला. मी तिसरी खरी मानतो. शेळी मात्र सापडली नाही.

ठोकून ऐकायची सवय काही सुटली नव्हती. चेंडू हातात आला की बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचे, कानाशी न्यायचे आणि मग ठरवायचे. पण चेंडूवर थांबले असते तर ते मुलाणी सर कसले. एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभे असताना त्यांनी सहज टेबल ठोकलं.

“साहेब, ह्यो मागचा पाय चाललाय.”

“कुठे चाललाय?”

“आज न्हाई. गुरवारी.”

गुरुवारी तपासणीला बाहेरगावची समिती आली आणि चहा, बिस्किटं, फायली यांसकट टेबल समितीच्या मांडीवर बसलं. त्यानंतर कॉलेजात एकही नवी खुर्ची मुलाणी सरांनी ठोकल्याशिवाय आत येईना. आमचे भूगोलाचे सर तर मुलीचं स्थळ बघायला जाताना त्यांना बरोबर घेऊन गेले होते, म्हणे मुलाच्या घराच्या भिंती ठोकून बघायला. भिंती पक्क्या निघाल्या. “पोराला ठोकायचं व्हतं खरं,” सर नंतर म्हणाले, “पन ते बरं दिसंना.”

त्यांचं फुटबॉलचं शास्त्र एका ओळीचं होतं. “डोळा लबाड हाय. त्याला जे पायजे त्येच बघतो. कानाला तेवडी अक्कल न्हाई.” त्यामुळे प्रत्येक पोराचा एक आवाज ठरलेला. कुरवंड्याचा गण्या शीळ घालणार, दुसरा खोकणार, तिसरा गुणगुणणार. पळताना प्रत्येकाने आपापला आवाज करत राहायचा आणि बाकीच्यांनी त्यावर चेंडू द्यायचा. धुकं नसेल त्या दिवशी पोरं डोळ्यांवर पंचा बांधून खेळत. गोल झाला की नाही हेही कानानेच ठरायचं. ओलं जाळं चेंडू झेलताना फस्स करतं. फस्स झालं तर गोल. न झालं तर कुणी कितीही नाचो.

या शास्त्राची परीक्षा पुण्यात झाली. ऑक्टोबरातलं लख्ख ऊन, सपाट हिरवं मैदान, पांढऱ्याशुभ्र रेषा. आमची पोरं मैदानात उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली. पहिल्या दहा मिनिटांत चार गोल बसले. गण्या रेषेपाशी आला. तोंड रडवेलं झालेलं.

“सर, लय दिसतंय हो. कळंना कुटं बघायचं.”

“डोळं मीट.”

गण्याने डोळे मिटले आणि तो शीळ घालत, पूर्ण वेगाने, सरळ झेंड्याच्या खांबावर गेला. खांब वाकला. तो अजून तसाच आहे असं मला सांगण्यात आलं आहे. सामना आम्ही नऊ गोलांनी हरलो. परतीच्या गाडीत मुलाणी सर खिडकीशी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, दुःख करतायत. मी जवळ गेलो, तर म्हणाले, “ह्या बशीचं मागलं चाक बोलतंय. कामशेटाला थांबवा.”

आता पाटीचं सांगतो, कारण पुढचं सगळं पाटीवर आहे.

आमच्या कॉलेजात जे कायम नोकरीत होते, त्यांच्या खोलीच्या दारावर रंगवलेली पाटी असे. मुलाणी सर अकरा महिन्यांच्या करारावर होते. त्यामुळे जिमखान्याच्या दारावर त्यांचं नाव खडूने लिहिलेलं असे, ‘श्री. मुलाणी, क्रीडा’. आमच्या हवेत खडू काय टिकणार. सोमवारी लिहिलेलं नाव गुरुवारी ओघळून ‘मुला’ एवढंच राही. सर खिशातून खडू काढून पुन्हा लिहीत. करार संपे तो नेमका जुलैत, आणि नवा होईपर्यंत एक महिना ते कॉलेजचे कुणीच नसत. त्या महिन्यात ते आवाराच्या आत पाऊल टाकत नसत. भिंतीबाहेर रस्त्यावर छत्री धरून उभे राहत आणि तिथून ओरडून सराव घेत.

“सर, आत या की. कोण विचारतंय?” मी एकदा भिंतीवरून म्हटलं.

“कुनी इचारत न्हाई म्हनून तर,” ते म्हणाले.

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आता कळलाय असं सोमवारी वाटतं.

एका वर्षी संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब स्नेहसंमेलनात बोलायला उभे राहिले आणि भाषणाच्या भरात म्हणाले, “मुलाणी सर, यंदा उपांत्य फेरी गाठा. दारावर रंगवलेली पाटी लावतो. कायम.” टाळ्या पडल्या. आण्णासाहेबांनी आजवर टाळ्या पडलेलं वाक्य मागे घेतलेलं नाही. त्यांचे चार पूल आणि एक कारखाना तसेच उभे राहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिमखान्यावरून जात होतो. मुलाणी सर एकटेच दाराशी उभे होते. हातात सुतळी होती. दाराची रुंदी मोजून त्यांनी सुतळीला गाठ मारली, ती खिशात ठेवली आणि मी दिसताच म्हणाले, “दार फुगलंय जरा. बघत व्हतो.” दार ठोकून न बघता मोजून बघण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

आणि ती पोरं जिंकत सुटली. त्या वर्षी पावसाने मुक्काम वाढवला होता, सामने आमच्याच मैदानावर लागले होते आणि समोरचे संघ धुक्यात एकमेकांना पास देण्याऐवजी नावं विचारत फिरत. अशा रीतीने शेवटचे आठ संघ उरले. हा सामना जिंकला की उपांत्य फेरी. समोर तोच पुण्याचा संघ.

पहाटेपासून मैदान भरलं होतं. म्हणजे आवाजावरून तसं वाटत होतं. आण्णासाहेब पांढरा सफारी घालून आले होते, म्हणजे सुरुवातीपासूनच दिसत नव्हते. पंच पुण्याहून वेळेत पोचले, पण त्यांचा एक लाइन्समन पर्यटकांच्या गर्दीत अडकला. झेंडा धरायला कुणीतरी हवं होतं. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झेंडावंदनाला दर वर्षी पहिल्या रांगेत असतो, एवढ्या अनुभवावर मला उभं केलं.

पहिल्या अर्ध्यात थोडंफार दिसत होतं. गोल झाला नाही. दुसऱ्या अर्ध्यात दरीतून धुकं वर आलं आणि मैदानावर झोपलं. पंच खेळ थांबवायला निघाले होते, पण पुण्याचे कोच म्हणाले, होऊन जाऊ द्या, पोरांना परत जायचंय. ते उंच, शांत गृहस्थ होते. आमची पोरं तर खूश.

“सर, आता कायबी दिसंना,” गण्या ओरडला.

“मग खेळा की,” मुलाणी सर म्हणाले.

आता मी जे सांगणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी रेषेवरून चालत होतो. चुन्याची पांढरी रेषा, वर पांढरं धुकं. थोड्या वेळाने रेष संपली की मी तिच्यावरून उतरलो, कोण जाणे. मी आपला चालत राहिलो. हाताला एक खांब लागला. हायसं वाटलं, म्हटलं हा कोपऱ्यातला झेंडा असणार, आता इथून हलायचं नाही. झेंड्याचा खांब इतका जाड नसतो हे तेव्हा सुचायला हवं होतं. मी त्याला धरून उभा होतो. एवढ्यात गण्याची शीळ अगदी जवळ वाजली. सण्ण असा आवाज आला आणि पोटात तोफेचा गोळा बसावा तसा चेंडू बसला.

मी “आई गं” म्हणालो आणि खाली बसलो. मग जे सुचलं ते केलं. रांगत तिथून बाजूला झालो. गलका जवळ येईतो मी झेंडा उंच धरून, चेहऱ्यावर शक्य तितका करारी भाव आणून, जिथे असायला हवं त्याच्या आसपास उभा होतो.

चेंडू सापडला तो गोलाच्या मागे, ओढ्याच्या उतारावर. पण त्याने काही ठरत नव्हतं. आमचं मैदान तिकडे उतरतं, शिवाय जाळ्याला भोकं इतकी, की त्यातून आण्णासाहेबही गेले असते. आमची पोरं गोल गोल म्हणून नाचत होती. पुण्याची पोरं नाही नाही म्हणत होती. पंच माझ्याकडे आले.

“लाइन्समन, तुम्ही काय पाहिलं?”

“धुकं,” मी म्हणालो.

हे खरं होतं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत खरं आणि सर्वांत निरुपयोगी वाक्य. मी गोलाच्या खांबाच्या आत होतो की बाहेर, चेंडू मला रेषेच्या अलीकडे लागला की पलीकडे, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण मी तिथे होतो, एवढं तरी सांगता आलं असतं.

पुण्याचे कोच पुढे आले. “मुलाणी सर ऐकून सांगतात असं कळलंय. ते म्हणतील ते आम्हाला मान्य.”

आण्णासाहेब म्हणाले, “सांगा, सर. स्पष्ट सांगा.” त्यांच्या आवाजात पाटी ऐकू येत होती.

मुलाणी सर छत्री मिटून उभे होते. डोळे मिटलेले. एक हात खिशात. त्या खिशात सुतळी होती की नाही, मी पैज लावणार नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तरी तेवढ्यात एक पावसाळा होऊन गेल्यासारखा वाटला.

“जाळं वाजलं न्हाई,” ते म्हणाले. “मऊ आवाज आला. गोल न्हाई.”

वेळ संपली. पेनल्टी घ्यायची ठरली आणि अगदी त्याच वेळी, महिनाभरात पहिल्यांदा, वारा सुटला, धुकं उचललं गेलं आणि मैदानावर ऊन पडलं. गण्या चेंडूपाशी उभा राहिला. त्याने एकदा गोलाकडे, एकदा सरांकडे पाहिलं. “लय दिसतंय, सर,” तो पुटपुटला आणि त्याने चेंडू शेजारच्या बंगल्यात मारला. उपांत्य फेरीही त्याच्याबरोबर गेली.

पुढे पंधरा दिवस कॉलेजात दुसरा विषय नव्हता. एका पोराने मोबाइलवर सामना घेतला होता. तो व्हिडिओ मी सतरा वेळा पाहिलाय. सगळा पांढरा. फक्त आवाज. शीळ, सण्ण, फद्द, आणि मग स्वच्छ, स्पष्ट, “आई गं”. हे कोण म्हणालं यावर स्टाफरूममध्ये खल झाला. पुण्याचा गोलकीपर, असं भूगोलवाले म्हणाले. पुण्याची पोरं इतकं शुद्ध कण्हत नाहीत, असं मी अभ्यासपूर्वक सांगितलं आणि मग माझी मलाच भीती वाटली. पोरांनी व्हिडिओ मुलाणी सरांकडे नेला. त्यांनी तो कानाशी धरला, एकदाच ऐकला आणि फोन परत दिला.

“काय कळलं, सर?”

“ह्यात काय न्हाई. पुसून टाका.”

तेव्हा मी समोरच बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण ते कुणाकडेच पाहत नसत, त्यामुळे त्याचाही अर्थ लागत नाही.

पुढच्या जुलैत करार संपला तो पुन्हा झाला नाही. प्रमाणपत्रवाले नवे कोच आले. चांगले होते. ते पोरांना स्क्रीनवर चुका दाखवत. जिमखान्याच्या दारावर रंगवलेली पाटी लागली, नव्या कोचांच्या नावाची. ती दारापेक्षा बरीच लहान होती. खाली ओघळलेल्या खडूचा ‘मु’ मला अजून दिसतो. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, तो भाग वेगळा.

मुलाणी सर मला चार शब्द सुनावून गेले असते तर बरं वाटलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी आनंदाने खाल्ल्या असत्या. पण शेवटच्या दिवशी त्यांनी शिट्टी आणि किल्ली टेबलावर ठेवली, जाता जाता माझी खुर्ची ठोकली आणि म्हणाले, “पाठक सर, खुर्ची बरी हाय. बसा निवांत.” मी त्या खुर्चीत निवांत एकदाही बसू शकलो नाही.

मागच्या पावसाळ्यात मी कुरवंड्याला गेलो होतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. गावाबाहेरच्या मोकळ्या, खडकाळ सड्यावर धुकं होतं आणि धुक्यात शीळ, खोकला, गुणगुण. आवाज लहान मुलांचे होते. मी थांबलो. पाय न वाजवता परत फिरावं असं ठरवलं.

“पाठक सर,” पांढऱ्यातून आवाज आला. “पोट काय म्हनतंय?”

मी जागच्या जागी उभा राहिलो. पोटाला हात गेला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मऊ आवाज म्हनलो व्हतो की तवा.”

“मग सांगितलं का नाही, सर? मी आत असतो तर तो गोल होता. तुमची पाटी...”

“आन् भाईर असता तर?” ते म्हणाले. “तुमी आत व्हता का भाईर?”

“तेच मी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“मी तुमास्नी इचारनार व्हतो,” ते म्हणाले. “लय दिस झालं.”

मुलं पळत होती. मग धुक्यातून एक चेंडू घरंगळत आला आणि माझ्या बुटाला लागून थांबला.

“मारा, सर.”

“कुठे मारू? काहीच दिसत नाहीये.”

“मी आवाज देतो की. हय.”

मी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा चेंडूला लाथ मारली. तो कुठे गेला कोण जाणे.

“हां,” मुलाणी सर म्हणाले. “ह्यो गोल.”

धुकं जरासं फाटलं तेवढ्यात मला त्यांची छत्री पाठमोरी दिसली, मुलांच्या आवाजामागे तिरकी तिरकी जाणारी, आणि त्यापलीकडे त्यांचे गोलाचे खांब. म्हणजे एकावर एक रचलेले दगडांचे दोन ढीग. जाळं नव्हतंच.